केबलवाली आणि कंप्युटरवाली: संत्रापट्टा, मेळघाट, लोणार

आधी गाड्या सांगतो, कारण यावेळी जागा नंतर ठरल्या, गाड्या आधी ठरल्या.

एक दादाची. दादा म्हणजे माझा मामेभाऊ, राहतो अमरावतीला, गाडी सॅन स्टॉर्म. नाव ऐकलं नसेल तर तुमची चूक नाही, रस्त्यावर दिसतच नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सॅन मोटर्सने गोव्यात बनवायला घेतलेली दोन सीटची उघडी गाडी. बॉडी फायबरग्लासची, आत रेनॉचं १.२ लिटरचं इंजिन, ताकद ६० हॉर्सपॉवर, म्हणजे आजच्या साध्या वॅगनआरमध्येपण जास्त निघते. छप्पर कापडी, हाताने काढायचं हाताने लावायचं. दादाच्या गाडीत पॉवर स्टीअरिंग नाही, ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही, एअरबॅग नाही. पेट्रोल इंजेक्शनने जातं म्हणून एक छोटा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, आहे कुठेतरी, बाकी पेडलपासून इंजिनापर्यंत एक तार जाते आणि संपला विषय.

दुसरी भाच्याची. तो पुण्याला आयटीत, संक्रांतीला नागपुरात आला तो नवी कोरी गाडी घेऊनच आला. तीपण दोन सीटची, तीपण कापडी छपराची, पण छप्पर बटणावर, आणि ताकद दादाच्या गाडीच्या पाचपटीहून जास्त. ऑटोमॅटिक. अॅक्सिलरेटर इलेक्ट्रॉनिक, स्टीअरिंग इलेक्ट्रिक, हँडब्रेकचंपण बटण. कंपनीचं नाव लिहू नको मामा, असं भाचा म्हणाला, का ते शेवटी येईल.

घरी तिळगूळ खाताखाता दोघांचं जुंपलं. भाचा म्हणे जुन्या गाड्यांची सगळी मजा आठवणींची आहे, स्टॉपवॉच लावा मग बोला. दादा म्हणे स्टॉपवॉच लावून जेवतोस का रे. मी म्हटलं दोन्ही घेऊन निघा, मला आलटूनपालटून बसवा. दोन-दोन सीटच्या गाड्या आणि माणसं तीन, हिशोब बरोबर बसत होता.

पहिला दिवस: नागपूर – काटोल – जलालखेडा – वरूड – मोर्शी – परतवाडा

सकाळी तर्री पोहे हाणले आणि निघालो. अमरावतीला जायचा मोठा हायवे मुद्दाम टाळला, काटोलवरून संत्रापट्ट्यातून जायचं ठरलं होतं. थंडी कडक. मी पहिल्या टप्प्यात भाच्याकडे होतो, छप्पर उघडं, पण सीट गरम होते, पायाशी हीटर, त्यामुळे फक्त नाक गार. आरशात मागे दादा दिसत होता, कानटोपी, त्यावर मफलर, त्यावर गॉगल.

काटोलपर्यंत नवी गाडी म्हणजे सुखच सुख. आवाज भारी येत होता, मी तारीफ केली तर भाचा जरा ओशाळून म्हणाला यातला थोडा स्पीकरमधून येतो. आजकाल कित्येक नव्या स्पोर्ट्स गाड्यांत हेच असतं म्हणे, केबिन इतकी बंदिस्त करून ठेवतात की इंजिनाचा आवाज आत आणायला वेगळी सोय करावी लागते. म्हणजे आधी दार लावायचं आणि मग खिडकीतून हाका मारायच्या.

काटोलच्या पुढे आतल्या रस्त्याला लागलो आणि गतिरोधक सुरू झाले. विदर्भातल्या गावात गतिरोधक दोन प्रकारचे, एक सरकारी आणि एक गावकऱ्यांनी रात्रीतून टाकलेला, दुसरा जास्त उंच. नव्या गाडीचं पोट प्रत्येक ठिकाणी घासायचं. कर्रर्र झालं की भाचा डोळे मिटायचा. तर टिप अशी, बसकी गाडी असेल तर गतिरोधकावर सरळ जाऊ नका, तिरपी घाला, एकेक चाक चढवा, आणि मागच्या ट्रॅक्टरला आधी हात दाखवा नाहीतर तो समजतो तुम्ही वळून राहिले. दादाची गाडी हलकी, छोटी चाकं, जाड रबर, ती आपली टुणटुण निघून जायची.

जलालखेड्याच्या पुढे दोन्ही बाजूंनी बागा. आंबिया बहाराची संत्री उतरून गेलेली, मृगाची फळं झाडावर होती पण रंग अजून अर्धाच धरलेला, हिरव्यात पिवळं. बागेतून ओल्या मातीचा वास येतो, उघड्या गाडीत तो सरळ अंगावर येतो, एवढं मात्र दोन्ही गाड्यांत सारखं होतं.

वरूडच्या अलीकडे दादाच्या ओळखीच्या काकाजींचं शेत, तिथे हुरडा. आगटीत गोवऱ्या धगधगत होत्या, काकाजी कणीस विस्तवात दोनदा फिरवायचे आणि गरम असतानाच तळहातावर चोळून फुंकर मारून हातावर द्यायचे, त्यांचे हात भाजत कसे नव्हते देव जाणे. सोबत लसणाची चटणी, दही, वांग्याचं भरीत. मी किती खाल्लं ते सांगत नाही.

गाड्यांभोवती पोट्टे जमा झाले. नव्या गाडीजवळ फोटो काढत होते आणि जुन्या गाडीत जाऊन बसत होते, कोणी सांगितलं नव्हतं, आपलं आपणच. दादाला अर्थातच चेव आला. जुनं ते सोनं, जुन्या मशीनमध्ये जीव असतो वगैरे चालू झालं, आणि काकाजींनी मान डोलवावी म्हणून त्यांच्या शेडमधल्या जुन्या ट्रॅक्टरकडे बोट दाखवलं. काकाजी म्हणाले, "जुना ट्रॅक्टर चांगला म्हनते ना, थो नांगरत नाही बाप्पा. मी नांगरतो. नव्याले पावर स्टेरिंग हाय, संध्याकाळी खांदा जाग्यावर रायते." दादा गप. भाच्याने काकाजींना वाकून नमस्कार केला, खराखुरा.

मला हे फार पटलं. दिवसभर कामाचं यंत्र असेल तर सोय हाच मुद्दा. रविवारी मुद्दाम वळणं शोधत जायचं असेल तर वेगळा. दोघं भांडतात ते एकाच गोष्टीबद्दल भांडतच नाहीत.

मोर्शीत चहा, मग परतवाडा. संध्याकाळी अचलपूर स्टेशनकडे गेलो, शकुंतला नावाच्या जुन्या रेल्वेचा रूळ बघायला. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर नॅरोगेज, किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीची. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन ही गाडी १९९४ पर्यंत ओढत होतं, मग डिझेल आलं, आणि आता गाडीच बंद. झुडपांत रूळ शोधावा लागतो. दादाला वाफेच्या इंजिनाचं कौतुक, भाचा म्हणाला मोठे मामा, वाफेचं गेलं तरी गाडी चालत होती, गाडी बंद पडली ती इंजिनामुळे नाही. बरोबर होतं त्याचं.

परतवाड्यात मुक्कामाला साधी लॉज चालते, फक्त पार्किंग आवारात आहे का ते आधी विचारा. पेट्रोल इथेच फुल करा, पुढे जंगलात भरवसा नाही.

दुसरा दिवस: परतवाडा – चिखलदरा – सेमाडोह

या दिवसासाठी आलो होतो. आज मी दादाकडे, आणि घाटात दादाने चावी माझ्या हातात दिली.

धामणगाव गढीपर्यंत सपाट, मग चढ लागतो. सुरुवातीला स्टीअरिंग एवढं जड वाटलं की पहिल्या दोन वळणांत मनगट बोललं. पण गाडी चालती झाली की जडपणा कुठे जातो कळत नाही आणि मग ते सुरू होतं. पुढचं चाक वाळूवर गेलं की स्टीअरिंग हातात अचानक हलकं होतं. खड्ड्याचा काठ डाव्या चाकाखाली आला की डाव्या तळहाताला कळतं. वळणात जास्त वेगाने शिरलो की आधी स्टीअरिंग सैल पडायला लागतं, म्हणजे पुढची चाकं घसरायच्या बेतात आहेत हे घसरायच्या आधी समजतं. वारा धरला की पतंगाचा मांजा बोटात बोलतो ना, तसं. दुसरा गिअर, तिसरा, परत दुसरा, इंजिन ओरडतंय, मी घामाघूम, आणि काट्यावर बघतो तर ५०.

हीच तर गंमत. ६० घोडे सगळेच्या सगळे कामाला लागलेले, एकपण रिकामा नाही, आणि तरी वेग एवढाच की समोरून एसटी आली तर थांबता येतं. चिखलदऱ्याच्या वर गाडी भाच्याची घेतली आणि तोच रस्ता थोडा खाली जाऊन परत चढून आलो. त्याच वळणांत तोच वेग. इंजिनाला जागसुद्धा आली नाही. गाडीचा मोड कम्फर्टवरून स्पोर्टला टाकला तर स्टीअरिंग जड झालं, पण नुसतं जड, बोललं काही नाही. रस्ता कसा आहे हे डोळ्यांनी बघायचं, हाताला काही कळत नाही. तिला जागं करायचं तर त्या घाटात ९०-१०० ने जावं लागेल आणि मग आपण गेलोच.

इलेक्ट्रिक स्टीअरिंगची ही रड काही आमचीच नाही. २०११ मध्ये पोर्शेने त्यांच्या ९११ या स्पोर्ट्स गाडीला हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावरचं, काढून इलेक्ट्रिक स्टीअरिंग दिलं तेव्हा जगभरच्या चाहत्यांनी असाच गळा काढला होता. मग २०१३ मध्ये त्याच ९११ ची जीटी३ फक्त ऑटोमॅटिक डबल क्लचमध्ये आली, हातगिअरपेक्षा वेगवान होती यात वाद नाही, तरी लोक ऐकेनात, शेवटी २०१७ ला कंपनीने मॅन्युअल परत दिला. भाच्याला हे मी घाटात सांगितलं तर म्हणाला, म्हणजे हळू चालणारी वस्तू लोकांनी मागून घेतली? हो. मजदाची एमएक्स-५ बघ म्हटलं, १९८९ पासून निघते आहे, ताकद कधीच फार नव्हती, २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी निघाली. दोन सीटची उघडी गाडी एवढी दुसरी कुठली खपली नाही. वजन कमी ठेवलं की ताकद कमी चालते, एवढंच त्यांनी नीट धरून ठेवलं.

चिखलदरा १,११८ मीटरवर. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत टाकलं, म्हणून कीचकदरा, अशी गोष्ट सांगतात. भीमकुंडाशी वारा असा की दादाचा मफलर उडाला. इथे कॉफी पिकते, विदर्भात कॉफी, बाहेरच्या लोकांना सांगितलं की विश्वास बसत नाही. हातगाडीवर घेतली, दूध जास्त, साखर त्याहून जास्त, पण वास खरा. रबडी खाल्ल्याशिवाय खाली उतरू नका, गवळी लोकांची, द्रोणात मिळते.

गाविलगडावर दुपारी गेलो. १५ डिसेंबर १८०३ ला वेलस्लीच्या फौजेने हा घेतला, तोच वेलस्ली जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. तोफा अजून आहेत, एकीवर एक जोडपं नाव कोरायच्या बेतात होतं, दादा नुसता जाऊन शेजारी उभा राहिला, ते निघून गेले. पाणी सोबत न्या, वर काही नाही.

उतरून सेमाडोहला. मेळघाट म्हणजे १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांतलं एक, सागाची पानं जानेवारीत वाळायला लागलेली, रस्त्यावर नुसता खडखडाट. वाघ दिसला नाही, लगेच सांगून टाकतो. गवे दिसले. मोबाईलला रेंज गेली आणि भाच्याच्या गाडीचा नकाशा तर चालू राहिला पण बाकीचं अर्धं डोकं गप्प झालं. ऑफलाइन नकाशा आधीच उतरवून ठेवा, आणि राहायचं बुकिंग घरूनच ऑनलाइन करून निघा, तिथे पोचून मिळेल या भरवशावर राहू नका.

रात्री झुणका-भाकर आणि कुटकीचा भात, आचारी कोरकू होता, तो भाकरी थापताना एकदाही खाली बघत नव्हता. शेकोटीजवळ परत तोच विषय. दादाचं म्हणणं तारेने जे होतं ते चिपने करू नये. मी म्हटलं सरसकट नको बोलू. आणि मग पहाटे वानरं आली.

काळतोंडी वानरांची टोळीच्या टोळी, दोन्ही गाड्यांच्या छपरांवर चढली. कापड गरम लागत असेल किंवा उड्या मारायला बरं वाटत असेल. दादाची गाडी शांत पडून राहिली, ती काय बोलणार. भाच्याच्या गाडीने बोंब ठोकली. अलार्म वाजला की वानर उडी मारून खाली, अलार्म थांबला की परत वर. आठ-दहा वेळा. त्यांना तो खेळच वाटला असणार. भाचा चावी हातात धरून बंडी-पँटवर धावतोय, बाजूच्या खोल्यांतली माणसं शाली पांघरून बाहेर, आणि चौकीदार हसूहसू खाली बसला. "साहेब, आपन भोंगा बंद करा, वानर आपोआप जाईन." जाळीवाला साधा कव्हर असेल तर सोबत घ्या, मी हे मनापासून सांगतो आहे.

तिसरा दिवस: सेमाडोह – परतवाडा – अंजनगाव – अकोट – अकोला – पातूर – मेहकर – लोणार

लांबचा पल्ला, आणि सगळं याच दिवशी घडायचं होतं.

अंजनगाव सुर्जीच्या अलीकडे, पानमळे दिसायला लागले तिथे, दादाने अॅक्सिलरेटर दाबला आणि पेडल जमिनीला जाऊन टेकलं ते वर आलंच नाही. तार तुटली. केबल मागच्या वर्षी बाजारातून जमेल ती बसवून घेतलेली होती, मूळची मिळत नाही. ढकलत रस्त्याकडेला घेतली. शेजारीच टपरीवजा गॅरेज, मोटारसायकलचं, मिस्त्री पन्नाशीचे. बॉनेट उघडलं, आत बघितलं, आणि म्हणाले, "हे तं लूनासारखंच हाय."

पुढचा अर्धा तास मी हललो नाही तिथून. त्यांनी तुटलेली तार आऊटरमधून ओढून काढली, दोन बोटांत धरून जाडी बघितली, मग भिंतीवरच्या खिळ्याला लटकवलेल्या जुडग्यातून मोटारसायकलच्या क्लचची वायर काढली. लांबी पुरत होती पण टोकाचं निपल मोठं, पेडलच्या खाचेत बसेना. मग कानशीने घासायला घेतलं, थोडं घासायचं, थुंकी लावून बघायचं, परत घासायचं. दुसऱ्या टोकाला नटबोल्टवालं छोटं निपल, वायर आरपार, स्क्रू आवळला, उरलेलं टोक पक्कडने कापून त्यावर सोल्डर टाकलं, धागे सुटू नयेत म्हणून. आऊटरमध्ये थोडं ऑइल सोडलं. दादाला आत बसवून पेडल दाबायला सांगितलं आणि स्वतः कानाने ऐकत ताण लावला. जास्त ओढली तर रेस उतरत नाही, सैल सोडली तर फुल उघडत नाही. "पाय काहाडा. दाबा. काहाडा. हाव." दीडशे रुपये. दादाने पाचशे दिले तर उरलेले परत केले आणि चहा मागवला.

त्यांच्या हाताखालचा पोरगा तेवढ्यात भाच्याकडे गेला, तुमची बघू का म्हणे. भाच्याने कौतुकाने बॉनेट उघडलं. वर काळं प्लास्टिक, ऑइल टाकायचं झाकण, पाण्याचं झाकण. पोरगा दोन मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "इंजन कुठी हाय?"

दादा यावर संध्याकाळपर्यंत हसत राहिला असता. पण संध्याकाळ दुसरी होती.

पातूरचा घाट ओलांडून वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावकडे निघालो, दिवस मावळतीला, दोन्ही बाजूंना तूर उभी. मी दादाच्या शेजारी, भाचा पुढे. तुरीतून एक रोही उडी मारून सरळ रस्त्यावर. बाहेरच्या वाचकांसाठी, रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं धूड. भाच्याची गाडी जागच्या जागी बसली. दिवे लागले, नाक खाली गेलं, रेषेत थांबली, त्याने नंतर सांगितलं की पाय पेडलवर जायच्या आधीच गाडीने ब्रेक मारायला घेतला होता. आणि आम्ही मागे. दादाने पूर्ण ताकदीने ब्रेक दाबला, पुढची दोन्ही चाकं जाम, रबराची किंकाळी, आणि स्टीअरिंग डावीकडे फिरवलं तरी गाडी सरळच चाललेली, भाच्याच्या डिकीकडे. चाक फिरायचं थांबलं की वळवायचं काही उरतच नाही. दादा जुना ड्रायव्हर, त्याने काय केलं तर ब्रेक सोडला. तशा वेळी ब्रेक सोडणं म्हणजे काय हे शेजारी बसल्याशिवाय कळायचं नाही. चाकं फिरली, गाडी वळली, आम्ही कच्च्यात, बाभळीच्या काटेरी फांदीने माझी बाही फाडली आणि थांबलो. रोही केव्हाच गेलेलं.

कोणी काही बोललं नाही बराच वेळ. मग दादाच म्हणाला, "एबीएस पायजे होतं."

एबीएस हेच काम करतं जे दादाने पायाने केलं, चाक जाम व्हायला लागलं की दाब सोडायचा, परत लावायचा, फक्त सेकंदात कितीतरी वेळा, आणि घाबरत नाही. बॉशने १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासला दिलं, आपल्याकडे सगळ्या नव्या गाड्यांना सक्ती व्हायला एप्रिल २०१९ उजाडलं. तर माझं मत त्या कच्च्या रस्त्यावर पक्कं झालं ते असं, ब्रेकमधली चिप मला हवी, शंभर टक्के हवी, ती माझ्या आणि मरणाच्या मध्ये बसते. स्टीअरिंगमधली चिप माझ्या आणि रस्त्याच्या मध्ये बसते, ती नको. सगळं एकाच पिशवीत घालून नवं विरुद्ध जुनं म्हणत राहतात लोक, म्हणून भांडण मिटत नाही.

टिप: विदर्भात तूर-हरभरा उभा असताना संध्याकाळी आतल्या रस्त्यांवर ६० च्या वर जाऊ नका. रोही, रानडुकरं, आणि कापूस भरलेल्या, दिवा नसलेल्या बैलबंड्या. जुनी गाडी असेल तर पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर, यात लाज नाही.

लोणारला पोचलो अंधारात. जेवण ठेचा, भाकरी, शेवभाजी.

चौथा दिवस: लोणार – मेहकर – समृद्धी – नागपूर

पहाटे पाचला खोलीच्या पत्र्यावर टपटप. मावठ! आकाशात काल काही नव्हतं. आम्ही धावत बाहेर, कारण रात्री तारे छान दिसतात म्हणून दोन्ही गाड्यांची छपरं उघडीच होती, आवारात गेट होतं, चौकीदार होता.

दादाने कापड ओढलं, दोन खिट्या लावल्या, झालं. भाच्याने बटण दाबलं. स्क्रीनवर मेसेज. परत दाबलं, मेसेज. गाडी बंद करून चालू केली, लॉक करून उघडली, चावी दूर नेऊन जवळ आणली, मेसेज तोच. सीटवर पाऊस पडून राहिला, ज्या सीट गरम होत होत्या. हेल्पलाइनला फोन लागला, तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली सर, व्हेइकल नजीकच्या वर्कशॉपला आणावं लागेल. नजीकचं म्हणजे नागपूर. हाताने छप्पर ओढायची सोय आहे का विचारलं तर म्हणाली सर, ते आम्ही रिकमेंड करत नाही.

भाच्याचं म्हणणं वानरांनी काहीतरी केलं. दादाचं म्हणणं वानर माझ्यावरपण बसले होते. शेवटी चौकीदाराने कापूस झाकायची निळी ताडपत्री आणून दिली, चार वीटा ठेवल्या, आणि आम्ही चहा प्यायला बसलो. कंपनीचं नाव का नाही ते आता कळलं असेल, तिथे तक्रार चालू आहे त्याची.

तासाभरात आभाळ उघडलं आणि सरोवराला गेलो. पाऊस पडून गेलेला, हवा धुतलेली, काठावर उभं राहिलं की साधारण १.८ किलोमीटर रुंदीचा तो वाडगा एका नजरेत मावत नाही. काळ्या बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालेलं विवर, पाणी खारट. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं ते सगळ्यांनी फोटोत बघितलं असेल, आता हिरवट होतं. गोमुखाची धार बारा महिने वाहते, बायका रांगेत स्नानाला. खाली उतरायचं असेल तर बूट घाला, चप्पल नको, चिखल घसरडा. दैत्यसूदन मंदिर गावातच आहे, लोक सरोवर बघून निघून जातात, तसं करू नका, भिंतीवरचं कोरीव काम बघायला तासभर द्या.

मेहकरला समृद्धीवर चढलो. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर–शिर्डी सुरू झाला, २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर. इथून नागपूर पावणेतीनशेच्या आसपास. सरळ, मोकळा, मर्यादा १२०, आणि हा रस्ता म्हणजे दादाच्या गाडीची शिक्षा. ९० ला कापड फडफडतं, ट्रक शेजारून गेला की गाडी हातभर सरकते, बोलायचं तर ओरडून. घाटात जे स्टीअरिंग बोलत होतं ते इथे कटकट करत होतं. नवी गाडी याच रस्त्यासाठी जन्मलेली, क्रूझ लावा, पट्ट्यात स्वतः राहते, पुढच्या गाडीशी अंतर स्वतः ठेवते. फक्त आज तिचं छप्पर उघडं होतं. त्यामुळे दृश्य असं, पुढे जुनी गाडी बंद छपराने, मागे नवी गाडी, आत भाचा, अंगावर माझं जॅकेट, त्यावर दादाचं जॅकेट, डोक्याला दादाची कानटोपी, सीटवर लॉजच्या पोत्यांच्या घड्या. कारंज्याच्या पुढे ऊन निघालं तेव्हा कुठे त्याने कानटोपी काढली.

समृद्धीवर जुनी गाडी घालणार असाल तर टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड बघा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला असं नसतं, काँक्रीटवर सलग पळवलं की जुनं रबर दगा देतं. टाकी भरून चढा. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि पंचवीस वर्षांच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, दादाने सगळ्या नळ्या बदलून घेतल्या आहेत, तुम्हीपण घ्या. आणि १५ वर्षं उलटली असतील तर आरसीचं नूतनीकरण झालंय का ते बघून निघा.

नागपूरला पोचल्यावर भाच्याची गाडी दुसऱ्या दिवशी वर्कशॉपला गेली. लॅपटॉप लावला, कुठल्यातरी सेन्सरचा कोड होता, पुसला, छप्पर सरसर मिटलं. कोड का आला होता ते त्यांनाही सांगता आलं नाही. सीट वाळवायला तीन दिवस ठेवून घेतली. दादा परस्पर अमरावतीला गेला, क्लचची वायर अजून तीच आहे, आणि परवा फोन करून मला विचारत होता की स्टॉर्मला कुठल्या दुसऱ्या गाडीचं एबीएस बसवता येईल का. येत नाही बहुतेक, चाकांचे सेन्सर, पंप, वायरिंग सगळंच नवं करावं लागेल. पण अंजनगावच्या मिस्त्रींना विचारून बघतो म्हणाला.